पहिले सुतारी बाक : प्रस्तावना

ज्या वस्तूचे वर्णन या पुस्तिकेत करावयाचे आहे ती दिवाणखान्यात ठेवण्यासारखी नाही, तिच्यावर बसून गप्पा मारता येत नाहीत, आणि कौतुकाने कोणाला दाखवली तर बहुतेक पाहुणे तिला ओबडधोबड टेबल समजून पुढे सरकतील. तरीही ज्याला लाकडात काही घडवून पाहण्याची मनापासून इच्छा आहे त्याने फडताळ, चौरंग किंवा देव्हारा यांपैकी कशालाही हात घालण्यापूर्वी ही एक वस्तू करावी, असा माझा आग्रह आहे. सुतारी बाक म्हणजे टेबल नव्हे. टेबलाचे काम वस्तू पेलण्याचे. बाकाचे काम वस्तू धरण्याचे, आणि तीही अशी की रंध्याचा रेटा, करवतीचा हिसका आणि पटाशीवर पडणारा मोगरीचा घाव यांपैकी कशानेही ती जागची हलू नये. फळीला तोंड, कड आणि टोक अशी तीन अंगे असतात. या तिन्ही अंगांवर काम चालू असताना ती निश्चल राहते की नाही, एवढ्या एकाच कसोटीवर बाकाची परीक्षा करावी. गुळगुळीतपणा, पॉलिश, खालचे खण, हत्यारे अडकवण्याची सोय, या साऱ्या गोष्टी गौण होत, आणि पहिल्या बाकात तर त्या नसाव्यातच.

यावर कोणी असा आक्षेप घेईल की आपल्याकडील सुताराने बाकावाचूनच पिढ्यान्‌पिढ्या काम केले, वाड्यांचे नक्षीदार खांब घडवले, बैलगाडीची चाके जोडली, कोकणातल्या देवळांचे सभामंडप उभारले, मग आपल्यालाच हे परदेशी सोंग कशाला? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना या विषयाचे मर्म हाती लागते. गावच्या सुताराकडे बाक नव्हते, परंतु धरण्याची व्यवस्था होती. ती त्याच्या देहातच होती. जमिनीवर उकिडवा किंवा एक गुडघा मोडून बसलेला सुतार डाव्या पायाच्या टाचेने फळी दाबतो, अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांच्या बेचक्यात बारीक तुकडा पकडतो, समोर जमिनीत ठोकलेल्या खुंटीला किंवा घराच्या उंबऱ्याला फळीचे टोक टेकवून रंधा मारतो, आणि वाकस चालवताना पायाची बोटे पात्यापासून नेमकी किती दूर ठेवायची हे त्याला विचार न करता कळत असते. त्याचे पाय हाच त्याचा शेगडा. हे ज्ञान त्याला कोणी शिकवलेले नसते. बापाच्या शेजारी बसून, ढलप्या गोळा करता करता, आठ-दहा वर्षांच्या वयापासून ते त्याच्या घोट्यांत आणि गुडघ्यांत मुरलेले असते.

या बैठकीला मागासलेपणाचे लक्षण समजणाऱ्यांनी थोडा इतिहास पाहावा. जपानातील परंपरागत सुतार, ज्याच्या सांध्यांची कीर्ती जगभर आहे, तो बुटक्या तुळईसारख्या लाकडावर फळी ठेवून, पुष्कळदा बसूनच, रंधा स्वतःकडे ओढतो. रोमन लोकांचे बाकही गुडघ्याएवढ्याच उंचीचे असे. जर्मनीत झालबुर्ग येथील रोमन ठाण्याच्या अवशेषांत तसे एक बाक सापडले आहे, आणि इ. स. 79 मध्ये व्हेसूव्हियसच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम नगरातील एका भित्तिचित्रात पंख असलेली बालके तसल्याच बुटक्या बाकावर करवत चालवताना दाखवलेली होती. म्हणजे बसून काम करणे ही अर्ध्या जगाची वहिवाट होती, आणि उभे राहून काम करण्याचे बाक हे युरोपात पुढे रूढ झालेले साधन आहे. त्याला श्रेष्ठ म्हणण्याचे कारण नाही. ते सोयीचे आहे एवढेच, आणि सोयीचे कोणाला, तर ज्याने जमिनीवरच्या त्या बैठकीची उमेदवारी बालपणी केलेली नाही त्याला.

ही पुस्तिका त्याच्यासाठी आहे. तो शिक्षक असेल, बँकेत किंवा कचेरीत नोकरीला असेल, तिशी-चाळिशीच्या पुढे गेला असेल, दिवसाचे आठ तास खुर्चीवर बसून त्याचे गुडघे आखडले असतील, आणि तरीही रविवारी सकाळी आपल्या हाताने काही करावे अशी उमेद त्याच्या मनात असेल. अशा माणसाने एकदम उंबऱ्याशी उकिडवे बसून साऱ्या आयुष्याचे सुतारकाम करायचे ठरवले तर त्याची उमेद दुसऱ्या रविवारपर्यंत टिकणार नाही. पायांनी जे करावयाचे ते त्याच्यासाठी बाकाने केले पाहिजे.

बाकांचे प्रकार पुष्कळ आहेत, आणि त्यांचे वाङ्मयही, निदान पाश्चात्त्य भाषांत, विपुल आहे. लंडनच्या जोझेफ मॉक्सनने सतराव्या शतकाच्या अखेरच्या काळात हुन्नरांवरील आपल्या पुस्तकमालेत सुताराच्या बाकाचे चित्र दिले. पॅरिसचा आंद्रे-जाकोब रुबो हा स्वतः सुताराचा मुलगा आणि स्वतः सुतार. त्याने 1769 पासून पुढे काही वर्षे आपला महाग्रंथ खंडशः प्रसिद्ध केला, त्यातील चित्रे स्वतः रेखाटली, आणि त्यात जे बाक दाखवले त्याची नक्कल आजही हौशी सुतार निष्ठेने करीत असतात. पाच-सहा इंच जाडीचा एकसंध ओंडका, त्याला थेट ठोकून बसवलेले चार धिप्पाड पाय, पुढच्या कडेला एक लाकडी आकडा आणि वर एक दातेरी खुंटी, एवढीच त्याची सामग्री. बाक उत्तम आहे यात शंका नाही. पण एवढा जाड आणि रुंद, वाळलेला, न तडकलेला ओंडका आज आपल्या वखारीत मागून पाहावा, आणि मग त्याची किंमत ऐकून घरी परत यावे.

आपल्या कामाचे बाक दुसरे आहे. पीटर निकल्सन या स्कॉटिश लेखकाने 1812 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात इंग्रज सुतारांच्या वापरातील एका बाकाचे चित्र दिले आहे, आणि त्याच्याच नावाने ते पुढे ओळखले जाऊ लागले. त्यातील युक्ती अशी की बळ जाडीतून न आणता रचनेतून आणावयाचे. वरच्या फळ्या साधारण जाडीच्याच. परंतु पुढे आणि मागे, बाकाच्या पूर्ण लांबीभर, नऊ-दहा इंच रुंदीची एकेक फळी उभ्या कडेवर बसवलेली असते. फळी आडवी ठेवली तर वाकते, तीच कडेवर उभी केली तर तिच्यावर माणूस उभा राहिला तरी वाकत नाही, हे घर बांधताना तुळई उभीच का बसवतात ते पाहिलेल्या कोणालाही सांगायला नको. या दोन उभ्या फळ्या, ज्यांना या पुस्तिकेत मी सर्वत्र कंबरपट्ट्या म्हटले आहे, बाकाला लचकू देत नाहीत. शिवाय त्या पायांना रुंद पृष्ठभागावर आवळून धरीत असल्याने रंध्याच्या रेट्याने बाक लांबीच्या दिशेने डुलण्याचा जो सर्वांत मोठा दोष, त्याचाही त्या परस्पर बंदोबस्त करतात. स्वस्त, पातळ, मिळेल त्या लाकडाचे मजबूत बाक करण्याची याहून सुटसुटीत रीत मला ठाऊक नाही.

येथे थोडे विषयांतर करण्याची मुभा असावी. रुबोसारखा कारागीर स्वतः लेखणी हाती घेऊन आपला हुन्नर कागदावर उतरवतो, तसे आपल्याकडे फारसे घडले नाही. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गांव-गाडा’ हा 1915 चा ग्रंथ ज्यांनी वाचला असेल त्यांना बलुतेदारीची सारी यंत्रणा परिचित असेलच: सुतार हा गावचा बलुतेदार, कुणब्याचा नांगर, कुळव, पाभर नीट ठेवणे हे त्याचे वतनी काम, आणि खळ्यावरचे धान्य हा त्याचा मोबदला. या व्यवस्थेत विद्या घरात राहिली, जातीत राहिली, आणि दप्तरात कधी दाखल झाली नाही. ज्याला येत होते त्याच्या हाती कागद नव्हता, आणि ज्याच्या हाती कागद होता त्याने कधी विचारले नाही. पांढरपेशा वर्गाने रंध्याकडे पाहून नाक मुरडले याचा दोष केवळ परकीय राज्यावर टाकून चालणार नाही. अपवाद आहेत. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी 1890 मध्ये उभारलेल्या कलाभवनाने देशी भाषांतून तांत्रिक शिक्षण देण्याचा प्रयत्न केला. 1937 मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या योजनेने हस्तोद्योगाला शाळेच्या मध्यभागी आणून बसवले. पण मराठीत एखाद्या हौशी माणसाने हातात धरून बाक करावे असे पुस्तक शोधू गेल्यास आजही बरेच हिंडावे लागते, आणि ही पुस्तिका लिहिण्यास तेवढी सबब पुरेशी आहे.

आता लाकडाविषयी. नवशिक्याच्या मनात साग बसलेला असतो, कारण आपल्याकडे लाकूड म्हणजे साग आणि बाकीचे सारे सरपण, असा एक समज आहे. पहिल्या बाकाला नवा साग घेऊ नये. पैशाचा प्रश्न आहेच, पण खरा तोटा वेगळा आहे: महागड्या लाकडावर करवत लावताना हात भितो, आणि भ्यालेल्या हाताला काही शिकवता येत नाही. साडेपाच फूट लांब, वीस इंच रुंद आणि मनगटाइतक्या उंचीच्या बाकाला सारे मिळून पावणेचार घनफूट लाकूड लागते. कापाकापीची तूट आणि गाठीमुळे टाकून द्यावे लागणारे तुकडे धरून साडेचार घनफुटांची बेगमी करावी. वरच्या फळ्या आणि कंबरपट्ट्या यांना यंत्रसामग्रीच्या मोठ्या खोक्यांचे पाइन उत्तम. ते हलके, सरळ रेषांचे आणि रंध्याखाली मऊ असते, भंगारवाल्याकडे वजनावर किंवा नगावर मिळते, आणि त्याच्या गाठी सोडल्या तर त्याच्याविरुद्ध तक्रारीला जागा नाही. परदेशाहून आलेल्या खोक्यांवर आणि मालाच्या लाकडी चौकटींवर एक शिक्का असतो, त्यात ‘एच.टी.’ अशी अक्षरे असतील तर ते लाकूड उष्णता देऊन निर्जंतुक केलेले आहे असे समजावे, आणि ‘एम.बी.’ असतील तर मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, सबब ते दुकानातच सोडावे.

पायांसाठी मात्र जड लाकूड हवे. बाभूळ मिळाली तर उत्तम. ती चिवट असते, म्हणून तर गाडीच्या चाकांना आणि अवजारांच्या दांड्यांना पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. पण ओली बाभूळ पिळवटते, तेव्हा वर्षभर सावलीत पडलेलीच घ्यावी. दुसरी वाट जुन्या घरांची. पुण्यातले वाडे, कोकणातली कौलारू घरे पाडली जातात तेव्हा त्यांचे वासे वखारीत येऊन पडतात. पुण्याच्या भवानी पेठेत किंवा मुंबईच्या रे रोडला तासभर हिंडल्यास असे तीन-चार इंची वासे सहज दृष्टीस पडतील. वरून ते काळेकुट्ट आणि धुराने माखलेले असतात, परंतु आत पन्नास-शंभर वर्षे वाळलेला सागाचा गाभा असतो, ज्यात पुढे पिळण्या-वाकण्याजोगे काही उरलेले नसते. एक सावधगिरी बाळगावी: अशा वाशाच्या पोटात तुटलेले खिळे असतात, आणि रंध्याच्या पात्याला ते सापडले की तासभराच्या धारेचे काम एका क्षणात फुकट जाते. घरी आणताच लोहचुंबक फिरवून खातरजमा करावी. आंब्याचे लाकूड स्वस्त म्हणून सुचवणारे वखारवाले भेटतील. आंब्याला कीड लवकर लागते, तेव्हा निदान पायांना तरी तो वर्ज्य समजावा. वाळवीचा उपद्रव असलेल्या गावी पायांच्या तळव्यांना डांबर फासावे.

हत्यारांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. एक करवत, एक मध्यम रंधा, एक इंची आणि अर्धा इंची अशा दोन पटाश्या, लोखंडी गुण्या, हातोडी, मोगरी, गिरमिट किंवा हाताने फिरवायचे ड्रिल, पेचकस, आणि या सर्वांहून महत्त्वाचा असा धार लावायचा चांगला दगड. एवढ्यात बाक होते. ज्यांना हत्यारे जमवण्याचाच शौक आहे, कपाटात बारा रंधे ओळीने मांडून त्यांना दर दसऱ्याला झेंडू वाहणे एवढाच ज्यांचा सुतारकामाशी संबंध आहे, त्यांनी आपला छंद खुशाल चालू ठेवावा. त्यांच्याशी आमचे भांडण नाही.

खरी अडचण पुढेच आहे, आणि प्रत्येक नवशिक्या ती पहिल्याच दिवशी विचारतो: लाकूड धरण्यासाठी बाक हवे, मग बाकाचे लाकूड धरायचे कशावर? परदेशी पुस्तके येथे सहसा असे सांगतात की मित्राचे बाक मागून आणा, किंवा चार-सहा लोखंडी शिकंजे विकत घ्या. आपल्याला याहून चांगली तजवीज उपलब्ध आहे, आणि ती म्हणजे गावच्या सुताराची बैठक. जी बैठक जन्मभर निभावण्याजोगी आपल्या गुडघ्यांत नाही ती आठवडा-दोन आठवडे निभावण्याजोगी खचित आहे. दाराचा उंबरा, घट्ट भिंत, किंवा अंगणात ठोकलेली एक खुंटी यांपैकी कशालाही फळीचे टोक टेकवावे, फळीखाली पोते अंथरावे, आणि जमिनीवर बसून कंबरपट्ट्यांच्या कडा सरळ कराव्यात. कापावयाची फळी दोन पाटांवर किंवा बुटक्या घोड्यांवर ठेवून तिच्यावर गुडघा दाबावा. देहाचा सारा भार त्या गुडघ्यातून फळीवर उतरू दिला की ती करवतीखाली थरथरत नाही. मात्र पायाची बोटे पटाशीच्या वाटेत ठेवण्याचे धाडस करू नये. ते पिढीजात कौशल्य आहे आणि आपण उसनवारीने आलेले आहोत. म्हणून पटाशी नेहमी देहापासून दूर जाणारी असावी आणि घाव घालताना तुकडा पायाने नव्हे, भिंतीच्या आधाराने धरावा.

अशा रीतीने प्रथम पायांच्या दोन जोड्या तयार होतात. प्रत्येक जोडीचे दोन पाय वर आणि खाली एकेका आडव्या पट्टीने जोडावयाचे. येथे पायाला साल पाडून पट्टीची कूस तिच्यात बसवणे हा शास्त्रोक्त मार्ग. पण पहिल्या बाकासाठी मी तो सक्तीचा केलेला नाही. पायाच्या निम्म्या जाडीची खाच घेऊन, पट्टी तिच्यात घट्ट बसवून, डिंक लावून स्क्रूने आवळली तरी काम भागते. पूर्वी सुतार जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला सरस मंद आचेवर उकळून वापरीत, त्या वासाने अख्खी आळी दरवळत असे. 1959 मध्ये बाजारात आलेल्या फेव्हिकॉलने ती यातायात संपवली. जोड्या उभ्या झाल्या की त्यांना पुढून-मागून कंबरपट्ट्या लावाव्यात, आणि वर दोन फळ्या नुसत्या मोकळ्या टाकाव्यात. हा क्षण ओळखून ठेवण्याजोगा आहे, कारण येथून पुढे अर्धवट का होईना, बाक अस्तित्वात आलेले असते. वरच्या उरलेल्या फळ्या रंधणे, पुढच्या पट्टीत खुंट्यांची भोके पाडणे, ही सारी कामे त्याच बाकावर, उभे राहून होतात. जमिनीवरची बैठक येथे संपते.

उंचीविषयी पुस्तकांत निरनिराळे आकडे सापडतात, त्यांतून गोंधळ होतो. हात सैल सोडून सरळ उभे राहावे आणि जमिनीपासून मनगटाच्या हाडापर्यंत मोजावे. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे माप साधारण एकतीस-बत्तीस इंच येते. रंध्याचे काम अधिक असेल त्याने एखादा इंच कमी करावा, म्हणजे खांद्याचा भार रंध्यावर उतरतो. केवळ बारीक कोरीव काम करणाऱ्याने दोन-तीन इंच वाढवावे. रुंदी वीस इंचांपुढे नेऊ नये, नाहीतर पलीकडच्या भागावर अडगळ साठू लागते आणि बाकाचे पुन्हा टेबल होते.

धरण्याच्या साधनांत लोखंडी शेगडा मी जाणूनबुजून दिलेला नाही. तो नंतर केव्हाही बसवता येतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या बाकावर डाव्या टोकाशी, वरच्या फळीतून वर-खाली सरकणारी एक चौकोनी लाकडी खुंटी असावी. फळीचे टोक तिला भिडवून तोंडावर रंधा मारावा. कडेवर रंधा मारण्यासाठी पुढच्या कंबरपट्टीच्या डाव्या टोकाला एक आकड्यासारखा ठोकळा, त्यात पाचर, आणि फळीचे दुसरे टोक टेकायला पट्टीतल्या भोकांत सरकवलेली खुंटी: एवढ्यावर सहा फुटी फळीसुद्धा उभी राहते. तिसरे साधन गावच्या लोहाराकडून करून घ्यावे. पाऊण इंची गज, वरचे टोक मानेसारखे वाकवून शेवटी चपटे केलेले. बाकातल्या पाऊण इंचाहून किंचित मोठ्या भोकात तो सोडायचा, चपटे टोक लाकडावर टेकवायचे आणि वरून एक टोला द्यायचा. गज भोकात तिरपा अडकतो आणि लाकूड जाम होते; मागून एक टोला दिला की सुटते. यात ना आटे आहेत ना मळसूत्र, केवळ घर्षण. आपल्या बाकाची वरची फळी पातळ असल्याने भोकाखाली दीड-दोन इंची ठोकळा आतून जोडावा, नाहीतर गजाला पकड मिळत नाही.

शहरातल्या सदनिकांत राहणाऱ्यांसाठी दोन शब्द. गुळगुळीत फरशीवर हलके बाक सरकते. पायांखाली सायकलच्या जुन्या टायरचे तुकडे ठोकावेत आणि खालच्या पट्ट्यांवर फळी टाकून तीवर वाळूची पोती ठेवावीत, म्हणजे भारही वाढतो. सज्जात जागा कमी असेल तर लांबी चार फुटांवर आणावी, रुंदी कमी करावी, पण कंबरपट्टीची रुंदी कमी करू नये. दुपारी एक ते चार मोगरी चालवू नये. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना पहिला पाट भेट द्यावा.

पुस्तिकेतील प्रकरणांचा क्रम कामाच्या क्रमानेच लावला आहे, अपवाद एकच. वरच्या फळ्या सपाट करण्याचे प्रकरण अगदी शेवटी घातलेले दिसेल, आणि बाक पुरे होताच ते उघडण्याची घाई वाचकाने करू नये. लाकूड लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण रुंदीत ते पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. फळ्यांमध्ये नाणे जाईल एवढी फट म्हणूनच सोडायची असते. चैत्र-वैशाखात केलेल्या बाकाचा पृष्ठभाग आषाढ-श्रावणात कोठे ना कोठे उचलला जाणार, हे ठरलेले आहे. तोवर त्यावर खुशाल काम करावे, डिंक सांडू द्यावा, करवतीच्या चुकार खुणा पडू द्याव्यात. एक पावसाळा उलटला, दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी झाली, की वरच्या खिळ्यांची डोकी आणखी आत दाबावीत, सरळ पट्टी आडवी-तिरपी ठेवून उंचवटे खडूने रंगवावेत, रंध्याला धार लावावी, आणि मग ते शेवटचे प्रकरण काढावे.